व्याही मिनेसोटातले लुथेरन शेतकरी. भेटायला जाण्याआधी काय माहीत असावं?

भाबडा_बाप

नमस्कार मंडळी. मुलीचं लग्न ठरतंय. मुलगा मिनेसोटाचा. दोघं एकाच कंपनीत कामाला आहेत, पण त्याचे आईवडील खेड्यात राहतात. मका आणि सोयाबीनची शेती. थोरला भाऊ वडिलांबरोबर शेतीच करतो. घराणं 'लुथेरन' आहे आणि रविवारचं चर्च चुकत नाही, असं मुलगी सांगते. आणखी काही विचारलं तर म्हणते, "बाबा, माणसं फार चांगली आहेत, फक्त कमी बोलतात." एवढ्यावर व्याही कसे ओळखायचे?

आम्ही दोघं एप्रिलअखेर जाणार आहोत. मेमध्ये तिथंच लग्न करायचं मनात आहे, तीन मुहूर्तही काढून ठेवलेत. लुथेरन म्हणजे कॅथलिकांतलाच प्रकार ना? मुलीनं धर्म बदलावा असा आग्रह धरतील का? शेती किती एकर हे कळलं तर परिस्थितीचा अंदाज येईल, ते सरळ विचारलेलं चालतं का? आणि आमची ही शुद्ध शाकाहारी आहे, तिचं तिथं काय होणार? अनुभवी लोकांनी सांगावं.

खडूस_खारीक

अमेरिकन शेतकरी म्हणजे हजार एकर, एसी ट्रॅक्टर आणि वर सरकारची सबसिडी. काळजी कसली करताय राव? मुलगी राणीसारखी राहील.

कणीसवाली

दादा, आधी ते मेचे मुहूर्त बाजूला ठेवा. मग बाकीचं बोलू.

नैऋत्य मिनेसोटातल्या अशाच एका घरात मी एकोणीस वर्षं सून आहे. एप्रिलच्या शेवटी जमिनीला जरा ऊब आली की इथं मक्याची पेरणी सुरू होते, आणि सोयाबीन उरकेपर्यंत मे संपतो. त्या दिवसांत माझे सासरे माणसांत नसतात. माझ्या नणंदेनं एकदा मेमध्ये साखरपुड्याचं जेवण ठेवलं. सासरे कोट घालून आले, खिडकीकडे तोंड करून बसले आणि जेवणभर ढग बघत राहिले. केक कापायच्या आधी उठून गेले. कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. सगळ्यांच्या मते चूक नणंदेची होती, तारीख तिनं काढली होती. ऑक्टोबर तर याहून वाईट, तेव्हा कापणी. लग्न करायचं तर जुलैचा मध्य ते ऑगस्ट, नाहीतर सरळ बर्फात.

आता एकर. नका विचारू. हात जोडून सांगते, नका विचारू. इथं "तुमची जमीन किती?" म्हणजे "तुमच्या बँकेत किती पैसे आहेत?" असंच झालं. मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. सासऱ्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला, उचलला, परत खाली ठेवला आणि म्हणाले, "आज वारा आहे." मला वाटलं त्यांना कमी ऐकू येतं.

त्यापेक्षा "ही जमीन तुमच्याकडे कधीपासून?" असं विचारा. मग बघा माणूस कसा खुलतो ते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर मिळायचे. आमच्या घरची सुरुवात तिथलीच, नॉर्वेहून आलेल्या खापरपणजोबांची. शंभर वर्षं एकाच घराण्यात राहिलेल्या आणि निदान ५० एकर असलेल्या शेताला या राज्यात 'सेंच्युरी फार्म' म्हणतात. आमच्या वाटेच्या तोंडाशी तशी पाटी आहे. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा नांगर त्या पाटीजवळून जाताना सासरे जरा हळू करतात. (जमीन काही रिकामी पडलेली नव्हती. १८५१ च्या तहांनी ती इथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांकडून गेली, आणि १८६२ च्या लढाईनंतर त्यांना राज्याबाहेर हाकललं. आमच्या चर्चच्या तळघरात या विषयावर आत्ता आत्ता बोलायला लागलेत, तेही दबक्या आवाजात.)

धर्माचं म्हणाल तर मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. एकोणीस वर्षांत एकानंही विचारलं नाही. पण पहिल्याच महिन्यात रविवारच्या कॉफीच्या पाळीत माझं नाव लागलं, भिंतीवरच्या कागदावर, पेन्सिलीनं. मंडळीत घेतल्याची पावती ती तेवढीच. कम्युनियनच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटायच्या विधीच्या वेळी मी रांगेतून पुढे जाते आणि छातीवर हात दुमडून उभी राहते. मग पाद्रीबाई भाकरीऐवजी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. तुम्ही तसं करा किंवा बाकावर बसून राहा, कुणी वळून बघणार नाही.

चर्चमध्ये शेतकरी ओळखायचा असेल तर कपाळ बघा. वर्षभर टोपी घालून उन्हात काम करतात, आत आल्यावर ती काढतात. भुवयांपर्यंत चेहरा तांबूस आणि वर दुधासारखं पांढरं कपाळ, मध्ये फूटपट्टीनं आखल्यासारखी रेघ. सगळ्यात शेवटच्या बाकांवर अशी कपाळं ओळीनं बसलेली असतात.

ही माणसं देवाबद्दल घरात फारसं बोलत नाहीत. जेवणाआधीची प्रार्थना सात-आठ सेकंदांत होते. कापणीच्या दिवसांत आम्ही जेवण शेतावर नेतो. पिकअपचं मागचं फळकूट पाडलं की तेच टेबल. टोपी काढायची, पुटपुटायचं, टोपी घालायची, सँडविच उचलायचं. तेवढ्या वेळात मागे इंजिन चालूच असतं.

तरी आत किती मुरलेलं असतं ते मला एकदाच दिसलं. मुलगा आठवीत होता. त्या वयात 'कन्फर्मेशन' होतं, म्हणजे मुलं आपला विश्वास चर्चमध्ये स्वतःच्या तोंडानं कबूल करतात, आणि त्यासाठी मार्टिन ल्यूथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरी पाठ करावी लागते. प्रार्थनेतल्या प्रत्येक ओळीनंतर एकच प्रश्न येतो, "म्हणजे काय?" 'आमची रोजची भाकर आम्हाला दे', म्हणजे काय? तर ल्यूथरनं यादीच दिली आहे. अन्न, कपडे, जोडे, घर, शेत, गुरं, पैसा… आणखी खाली येत येत चांगलं राज्य, चांगलं हवामान, इमानी शेजारी. त्या वर्षी ऑगस्टमध्ये गारपीट झाली होती. रस्त्याकडच्या मक्याला पानच उरलं नव्हतं, नुसते दांडे. ऑक्टोबरमध्ये जे काय हाती लागेल ते कापत होतो. कंबाईन म्हणजे कापणी आणि मळणी एकत्र करणारं धूड, त्याच्या केबिनमध्ये चालकाशेजारी एक छोटी सीट असते. मुलगा तिथं बसून आजोबांना पाठ म्हणून दाखवत होता. मी जेवण घेऊन चढले होते, दारातच उभी. पोरगं "चांगलं राज्य"पर्यंत आलं आणि अडलं. सासऱ्यांनी समोरच्या दांड्यांवरची नजर हलवली नाही. म्हणाले, "चांगलं हवामान." मुलगा म्हणाला, "हां, चांगलं हवामान," आणि पुढे गेला.

यादीत शेवटी शेजारी का, तेही सांगते. सासऱ्यांची बायपास झाली तीही ऑक्टोबरमध्येच, दुसऱ्या एका वर्षी. आमचा साडेचारशे एकर मका उभा. नवरा एकटा, त्यात निम्मा वेळ हॉस्पिटलात. मंगळवारी सकाळी दव उडाल्यावर रस्त्यावरून धूळ येताना दिसली. सहा कंबाईन, मागे दाणे वाहायच्या गाड्या, ट्रक. त्यात एकाशी आमचं बांधाखालच्या पाण्याच्या पाइपावरून चार वर्षं बोलणं नव्हतं. तोही आला होता, आणि त्यानं सगळ्यात ओला कोपरा स्वतःकडे घेतला. चर्चच्या बायकांनी अकरा वाजता आमच्या गॅरेजमध्ये टेबलं मांडली, कॉफीचा मोठा पिंप आणला. दिवे लागायच्या आत रान मोकळं. मी आभार मानायला गेले तर एक जण म्हणाला, "मशीन तसंही बाहेरच काढलेलं होतं." त्याचं शेत तिथून अकरा मैलांवर आहे.

ताईंच्या जेवणाचं: 'हॉटडिश' दिसली तर लांब राहा. वरून बटाट्याच्या गोळ्या, खाली बीफचा खिमा. हिरवा-लाल जेलो साधा दिसतो, पण जिलेटिन जनावराचं असतं. मार्शमेलोतही तेच. लुटेफिस्क म्हणजे सुकवलेला कॉड मासा, लाय नावाच्या क्षारात भिजवून थुलथुलीत केलेला. तो शाकाहारी नसलेल्यांनाही जमत नाही. त्यांनी लेफ्सा खावी, बटाट्याची पातळ पोळी, वर लोणी आणि साखर. आपल्या गुळपोळीच्या शेजारात बसेल. आणि एग कॉफी कुणी पुढे केली तर आधी विचारून घ्या. कॉफीची पूड खरोखरच अंड्यात कालवलेली असते.

मागचा_बाक

कणीसवालीताईंनी कपाळांचं लिहिलंय ते वाचून हसू आवरेना. मी जन्मानं मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट, आता मिनीॲपोलिसला.

भाबडा_बाप, लुथेरन कॅथलिक नव्हेत. १५१७ मध्ये विटेनबर्गला ल्यूथरनं पोपच्या व्यवस्थेशी जे भांडण काढलं त्यातून हे निघालं. पण आत गेलात तर चुकायला होईल खरं. वेदी, मेणबत्त्या, झगा, ठरलेली उपासना, सगळं आहे. फक्त पोप नाही, पाद्री संसारी असतात आणि संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (तेच कम्युनियन). ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेदीवर लाल कापड दिसलं तर तो या भांडणाचा वाढदिवस समजा.

महत्त्वाचं म्हणजे व्याही कुठल्या लुथेरनांपैकी हे मुलीला विचारा. १ जानेवारी १९८८ ला तीन लुथेरन संस्था मिळून झालेली ईएलसीए ही संस्था मोकळी आहे. तिच्यातल्या मूळ संस्थांनी १९७० पासून बायकांना पाद्री केलंय, ताईंच्या पाद्रीबाई त्यामुळेच. मिझुरी सिनॉड ही दुसरी लुथेरन संस्था १८४७ ची, जास्त कर्मठ. तिथं पाद्री पुरुषच, आणि कम्युनियन सहसा आपल्याच लोकांना. तिथं असाल तर रांगेत न जाता बसून राहिलेलं बरं. खेड्यात एकाच चौकाच्या दोन बाजूंना दोन लुथेरन चर्चं दिसतात, तेव्हा पाहुण्यांना वेड लागायची पाळी येते. एक नॉर्वेजियनांचं, दुसरं जर्मनांचं, दोघांचा ल्यूथर एकच. आता दोन्हीकडे माणसं कमी, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तीन चर्चांत मिळून एक पाद्री. सकाळी साडेआठला इथं, दहाला तिथं.

धर्मांतराची भीती बाळगू नका. कृपा कमवावी लागत नाही, फुकट मिळते, हा यांचा मुख्य सिद्धान्त. मात्र फुकट मिळालेलं जेवण यांना पचत नाही. एक डबा द्या, दोन परत येतील.

एलेव्हेटरवाला

खडूस_खारीक यांच्यासाठी दोन शब्द. शेजारच्या आयोवात शेतकऱ्यांच्या सहकारी धान्य कोठारावर, इथं त्याला एलेव्हेटर म्हणतात, मी नऊ वर्षं हिशेब बघतोय.

२०२२ च्या शेती गणनेप्रमाणे अमेरिकेत शेतं साधारण १९ लाख, सरासरी ४६३ एकर, आणि शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ वर्षं. हजार एकर कसणारा माणूस त्यातली बरीच जमीन खंडानं घेतलेली असतो. जमिनीची किंमत कागदावर डोळे फिरवणारी, पण ती विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि विकली की शेतकरी राहत नाही. बियाणं, खत, डिझेल यासाठी दर हिवाळ्यात बँकेचं कर्ज. १५ मार्चच्या आत पीक विम्याचं ठरवायचं, म्हणजे पेरायच्या आधीच न उगवण्याचा विचार. मका ओला निघाला तर साधारण १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायचा, त्याला प्रोपेन जाळायचा. मग भाव. बुशेल म्हणजे मक्याचे ५६ पौंड, आणि त्याचा भाव शिकागोला ठरतो. माझ्या खिडकीशी माणूस येतो, पडद्यावरचा आकडा बघतो, "हं" म्हणतो आणि एक गाडी विकून बाकीचा माल ठेवून जातो. त्या "हं"मध्ये मुलीच्या कॉलेजची फी असते.

व्याह्यांचं वय पासष्टच्या वर असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. जानेवारी १९८० मध्ये कार्टर सरकारनं रशियाला धान्य पाठवणं बंद केलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्राइम रेट, म्हणजे बँकांचा कर्जाचा मूळ व्याजदर, २१.५ टक्क्यांवर गेला. पुढे जमिनीचे भाव कोसळले आणि चर्चमधल्या निम्म्या लोकांनी शेजाऱ्याच्या लिलावात उभं राहून त्याचा ट्रॅक्टर विकला जाताना बघितला. १९८६ मध्ये शेतकऱ्यांसाठी दिवाळखोरीचं वेगळं कलम, चॅप्टर १२, आणावं लागलं. यातून जे तरले ते आजही कर्ज हा शब्द मोठ्यानं म्हणत नाहीत. एकर विचारला की त्यांना बँकवाला आठवतो.

भाबडा_बाप

सगळ्यांचे आभार. आता खरं सांगतो, उशीर झालाय. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी एकर विचारून बसलो. व्याही थोडं थांबले आणि म्हणाले, "पुरेशी आहे." मला वाटलं विनय. ही म्हणते तेव्हाच तिला शंका आली होती.

मुहूर्त रद्द. जावई म्हणतो १८ जुलै. तो तारीख सांगताना इतका खूश झाला की कळलं, मेचं त्यालाही सांगायचं होतं पण तोंड उघडत नव्हतं.

एक शेवटचं. शेती थोरला भाऊ करतो. मग आमच्या जावयाचा वाटा? मला लोभ नाही, पण बाप आहे, मनात येतंच.

कणीसवाली

"पुरेशी आहे" म्हणाले? मग रागावले नाहीत. रागावले असते तर वारा आला असता.

वाट्याचं मनात येणारच, माझ्याही आलं होतं. इथं जन्मानं हक्क मिळत नाही. बाप मृत्युपत्रात लिहील ते. आणि तीन मुलांना सारखं वाटायचं म्हटलं तर शेती करणाऱ्याला उरलेल्या दोघांचा भाग आजच्या भावानं विकत घ्यावा लागतो. मक्याच्या पैशात ते होत नाही, मग शेतच विकायची वेळ येते. म्हणून पुष्कळ घरांत कसणाऱ्याला जमीन जास्त आणि बाहेर गेलेल्यांना विमा किंवा पैसे. सारखं आणि बरोबर हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्या दोघांमधल्या फटीत किती भावंडं ख्रिसमसला एकमेकांकडे जायची बंद झाली ते मी पाहिलंय. तुमचा जावई नोकरीवाला आहे, हे त्यालाही माहीत असणार.

आमच्याकडे हे कळायला अकरा वर्षं लागली. एका रविवारी चर्चहून आल्यावर तिन्ही भावंडं घरी होती. जेवणं झाली. सासऱ्यांनी कपाटाच्या वरून तपकिरी पाकीट काढलं, मिठाच्या डबीशेजारी ठेवलं, म्हणाले, "वाचा," आणि मका वाळवायचा ड्रायर बघायला निघून गेले. तो ड्रायर रात्रभर घरघरतो. त्याच्या आवाजानं त्यांची झोप कधी मोडत नाही, थांबला की मोडते. त्या दिवशी तो बंदच होता, मार्च महिना होता. तासाभरानं ते परत आले. नणंदेनं कॉफी केली होती. "ठीक आहे, डॅड," एवढंच ती म्हणाली. त्यांनी पाकीट परत कपाटावर ठेवलं. कुणाला किती, ते मी इथं लिहिणार नाही. मीही आता इथलीच झालेय बहुतेक.

जुलैत येताय तर एक करा. रविवारी चर्चला त्यांच्याबरोबर जा, पण शेवटच्या बाकावर बसू नका. रिकामा दिसला तरी तो रिकामा नसतो.

भाबडा_बाप

लक्षात ठेवतो. तिळाच्या वड्या आणणारच आहोत, किती डबे आणू?

कणीसवाली

चर्चच्या तळघरात कॉफीला साठ माणसं असतात. आणि रिकामे डबे न्यायला बॅगेत जागा ठेवा, रिकामे येणार नाहीत.